ख्रिस्ती तरुण संघ काढायचाय? सांगली-मिरज भागातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मिरजेतल्या एका तरुण संघाचं चिटणीसपद मी अकरा वर्षं सांभाळलं. त्यातली निदान पाच वर्षं जास्तीची होती, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. सांगली, तासगाव, इस्लामपूर, कराड, अगदी वाईपासून पोरापोरींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

आधी नोंदणी करायची की आधी काम?

आधी काम, निदान वर्षभर. आपल्याकडे उत्साह आला की पहिल्या आठवड्यात लेटरहेड छापलं जातं, दुसऱ्यात शिक्का बनतो आणि तिसऱ्यात अध्यक्ष कोण यावरून दोघं बोलायचे बंद होतात. वायएमसीएची, म्हणजे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची, सुरुवात आठवा. ६ जून १८४४, लंडन. जॉर्ज विल्यम्स नावाचा कापडदुकानात काम करणारा २२ वर्षांचा तरुण आणि त्याचे सोबती दुकानाच्या वरच्या खोलीत प्रार्थनेला आणि बायबल वाचायला जमत होते. दिवसभर उभं राहून पाय दुखलेली, गावाकडून शहरात आलेली ही पोरं. खोली आणि ठरलेली वेळ एवढंच त्यांचं भांडवल होतं. कुपवाड एमआयडीसीतून पाळी संपवून येणारा पोरगा त्यांच्यापेक्षा काही फार वेगळा नाही.

वर्षभर दर आठवड्याला बारा-पंधरा जण टिकले, वहीत हजेरी आणि खर्च लिहिला गेला, तर नोंदणीचा विचार करा. टिकले नाहीत, तर नोंदणीने ते परत येणार नाहीत.

नोंदणी केलीच नाही तर चालेल का?

चालतं. मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, भाग म्हणून चालणाऱ्या बहुतेक तरुण संघांची वेगळी नोंदणी नसते. प्रार्थना, भजन, नाताळचं नाटक, रक्तदान यांतल्या कशालाच नोंदणी लागत नाही. ती लागते संघाच्या नावाने बँक खातं उघडताना, जागा भाड्याने घेताना, मंडळीबाहेरून मोठी देणगी मागताना. यांतलं एकही काम समोर नसेल तर ती घाई कागदाच्या हौसेपायी आहे असं समजा.

मंडळीच्या छत्राखाली राहावं की स्वतंत्र?

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मंडळीत राहिलात तर सभागृह, सतरंज्या, हार्मोनियम सगळं फुकट मिळतं. पालक डोळे झाकून मुलांना पाठवतात. पैसे मंडळीच्या हिशेबात वेगळ्या शीर्षाखाली राहतात आणि ऑडिट आपोआप होतं. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक कार्यक्रम कमिटीत मंजूर करून घ्यावा लागतो. कमिटीतल्या एखाद्या काकांना गिटार चालत नाही, एखाद्या मावशींना मुलींनी मिरवणुकीत पुढे चाललेलं चालत नाही. पाळकसाहेबांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, बदली झाली की नवे पाळकसाहेब नवी पद्धत आणतात.

स्वतंत्र झालात तर हात मोकळे होतात. पण खोली, वीजबिल, हिशेब, ऑडिटरची फी, सगळं तुमच्या गळ्यात येतं. शिवाय मंडळीशी फाटलं की पुढच्या रविवारी निम्मी पोरं येत नाहीत, कारण त्यांची आई त्याच मंडळीत बसते.

माझं मत असं, की पहिली तीन वर्षं मंडळीतच काढा. पण पहिल्याच महिन्यात एक पानाचा लेखी ठराव करून घ्या. संघाचे पैसे कोणत्या शीर्षाखाली राहतील, खर्चाला कोणाच्या सह्या लागतील, सभागृह कोणत्या वारी मिळेल, एवढं त्यात असू द्या. बोलाचालीवर मिळालेली चावी बोलाचालीवरच परत मागितली जाते. आमच्याकडून मागितली गेली होती.

मिशन कंपाउंडमध्ये एक पडकी खोली आहे. ती दुरुस्त करून वापरू का?

मालकी पाहिल्याशिवाय एक वीटही लावू नका. जुन्या मिशनच्या जमिनी कुठल्या ना कुठल्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असतात. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. 'पाळकसाहेब हो म्हणाले' हा मालकी हक्क नव्हे. वापरायचीच असेल तर विश्वस्तांचं लेखी पत्र घ्या आणि पत्र्याची शेड वगैरे मोह टाळा.

वेगवेगळ्या मंडळ्यांतली मुलं एकत्र आली तर चालेल ना? मोठी माणसं नाक मुरडतात.

मुरडू द्या. मोठ्यांनी स्वतः केलेली गोष्ट त्यांना आठवत नाही एवढंच. सातारा, वाई भागात काम केलं ते अमेरिकन मराठी मिशनने, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेने. सांगली, मिरज, कोल्हापूरकडे आले प्रेस्बिटेरियन, हा वेगळा प्रोटेस्टंट पंथ. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं आणि आजही गावात 'मिशन हॉस्पिटल' म्हणूनच ओळखलं जाणारं रुग्णालय त्याच प्रेस्बिटेरियन मिशनचं. या दोन्ही धारा आधी एक झाल्या आणि मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आजोबा एकत्र येऊ शकले, तर नातवंडांनी एका सतरंजीवर बसायला काय हरकत आहे?

व्यवहारात मात्र काही गोष्टी आधी ठरवून टाका. बाप्तिस्मा कसा घ्यावा, 'अन्य भाषां'त (आत्म्याच्या प्रेरणेने, न कळणाऱ्या भाषेत) प्रार्थना करावी का, प्रभुभोजन कोणी द्यावं, हे विषय संघाच्या बैठकीत घेऊ नयेत. ते ज्याच्या त्याच्या मंडळीचे. रोमन कॅथलिक मुलं येणार असतील तर त्यांच्या फादरना आधी भेटा, मागाहून भेटलं की चोरी पकडल्यासारखं होतं. आणि बैठकीची वेळ कुणाच्याच उपासनेच्या आड येऊ देऊ नका. हा शेवटचा नियम मोडला की बाकीचे सगळे पाळूनही उपयोग नाही.

ख्रिस्ती नसलेले मित्र येऊ शकतात का?

येतातच. व्हॉलीबॉलला, अभ्यासिकेला, नाटकाच्या तालमीला येतात. आपल्याच भागात याचा एक मोठा दाखला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे लोक त्यात यावेत ही त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण शंभर वर्षांपूर्वी हा विचार साताऱ्यात झाला होता, हे पोरांना सांगितलं की ती ताठ बसतात.

सभासदत्वाचं मात्र वेगळं. मतदानाचा हक्क कोणाला आणि नुसतं येणं-जाणं कोणाला, हे घटनेत स्पष्ट लिहा. आमच्याकडे दोन प्रकार होते, सभासद आणि सोबती. सोबत्यांना मत नव्हतं, पण सहलीत पहिली खिडकी त्यांनाच मिळायची.

आता नोंदणी करायचीच आहे. नेमकं काय करावं लागतं?

महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था नोंदवायची आणि त्यासोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली न्यास म्हणूनही नोंद करायची, अशी दुहेरी पद्धत आहे. किमान सात माणसं लागतात. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. म्हणून आपल्याकडे 'महा नंबर' आणि 'एफ नंबर' असे दोन नंबर ऐकू येतात. पहिला संस्थेचा, दुसरा न्यासाचा. नुसत्या महा नंबरवर समाधान मानून वर्षानुवर्षं बसलेले संघ मी पाहिलेत. बँकेने दुसरा कागद मागितला की धावपळ.

तयारी काय हवी? पहिल्या सभेचा ठराव, घटना आणि नियमावली, सातही जणांची संमतीपत्रं आणि ओळखपत्रं, कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं नाहरकतपत्र आणि वीजबिलाची प्रत, प्रतिज्ञापत्र. नावं दोन-तीन सुचवा, कारण पहिलं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. आधारवरचं, पॅनवरचं आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव वेगवेगळं असणं आपल्या लोकांत फार. 'सॅम्युएल', 'शमुवेल' आणि 'शामराव' हे तिघे एकच गृहस्थ आहेत हे अधिकाऱ्याला पटवण्यापेक्षा ज्यांचे कागद जुळतात असे सात जण निवडणं सोपं.

वकील घ्या, पण घटना त्यांच्यावर सोडू नका. त्यांच्या संगणकात एकच घटना असते आणि ती आदल्या महिन्यात एखाद्या क्रीडा मंडळाला दिलेली असते. आमच्या पहिल्या मसुद्यात 'कुस्तीचे आखाडे चालविणे' हा उद्देश होता. सांगलीकर म्हणून अभिमान वाटला, तरी खोडला.

घटनेत काय हवंच?

वय आणि मुदत. राष्ट्रीय युवा धोरण २०१४ ने तरुण म्हणजे १५ ते २९ वर्षं असं धरलंय. नोकरी-लग्नाची गडबड बघता आपण पस्तिशीपर्यंत ताणू शकतो. पण पस्तिसाव्या वाढदिवशी कार्यकारिणीतून आपोआप मोकळा, असं कलम स्पष्ट शब्दांत घाला. पदाची मुदत दोन वर्षं, सलग दोनदाच. हे कलम आमच्या घटनेत नव्हतं, म्हणून मी अकरा वर्षं चिटणीस राहिलो. कोणी जा म्हणालं नाही आणि मलाही सुचलं नाही. शेवटी एका पोरीने सभेत विचारलं, "दादा, तुमची मुलगी शब्बाथ शाळा संपवून संघात आली. आता दोघांनी एकाच संघात बसायचं का?" सगळे हसले, मीही हसलो. घरी जाऊन राजीनामा लिहिला.

कार्यकारिणीत निम्म्या मुली हव्यात, हेही घटनेतच लिहा. सदिच्छेवर सोडलं तर मुलींच्या वाट्याला चहा आणि रांगोळी येते.

चेंज रिपोर्ट म्हणजे काय? सगळे त्यानेच घाबरवतात.

घाबरावं असंच आहे ते. कार्यकारिणी बदलली, एखादा विश्वस्त गेला किंवा पत्ता बदलला, तर त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत तो बदल धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत सरकारदरबारी जुनीच नावं राहतात. संघ तरुणांचा असल्यामुळे हा प्रश्न दुप्पट अवघड होतो. पोरं पुण्याला जातात, मुलींची लग्नं होतात, एखादा आखातात जातो.

आमचा खजिनदार पुण्याला नोकरीला लागला. नवा निवडला, पेढे वाटले, चेंज रिपोर्ट टाकायचा राहिला. दोन वर्षांनी बँकेने कागद मागितले तेव्हा आमची नवी कार्यकारिणी कागदावर नव्हतीच. खातं अडकलं. त्यात शिबिराचे चौतीस हजार होते. जुन्या खजिनदाराला तीन शनिवार पुण्याहून बोलवावं लागलं. तो आला, पण तिसऱ्या शनिवारी त्याच्या बायकोचा फोन मला आला. तो संवाद इथे देत नाही.

म्हणून निवडणुकीच्या सभेतच सगळ्यांच्या सह्या, राजीनामे आणि संमतीपत्रं घ्या. सभा संपली की पोरं पांगतात. प्रोसिडिंग बुक त्याच दिवशी लिहा. वार्षिक हिशेब ३१ मार्चला बंद करून सप्टेंबरअखेर ऑडिट अहवाल दाखल करा.

८०जी मिळेल का? देणगीदार विचारतात.

८०जी म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी सवलत. ती मिळणं तुमच्या उद्देशांवर ठरतं. 'फक्त ख्रिस्ती तरुणांच्या उन्नतीसाठी' असं लिहिलंत, तर ८०जी विसरा. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरतं काम करणाऱ्या संस्थेला ती सवलत नाही. सर्वांसाठी खुलं असं शैक्षणिक, आरोग्याचं, मदतीचं काम करत असाल तर मिळू शकते, पण धार्मिक कामावरचा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे प्रार्थनाशिबिरं हेच तुमचं मुख्य काम असेल, तर ८०जीच्या मागे लागून घटना वाकडी करू नका. काही ठिकाणी धार्मिक काम मंडळीतून आणि अभ्यासिका, आरोग्य शिबिरं वेगळ्या संस्थेतून, अशी विभागणी करतात. ती प्रामाणिकपणे केली तर उत्तम. एकाच खिशातले पैसे दोन पाकिटांत घालायचे असतील तर नको.

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय, त्यात कलमांचे आकडे बदललेत. लोक अजून '१२ए (संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीची नोंदणी), ८०जी' असंच बोलतात, सीएला मात्र नवी कलमं विचारा.

परदेशातल्या एका मंडळीने दर महिन्याला पैसे पाठवू असं म्हटलंय. घ्यायचे?

परकीय अंशदान नियमन कायदा २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक डॉलरही घेऊ नका. संघाच्या खात्यात नको, खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यातही नको. 'मित्राने मित्राला पाठवले' ही युक्ती फार जुनी आहे आणि तपास करणाऱ्यांना ती आपल्याआधी ठाऊक असते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं चाललेली हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. नोंदणी झालीच, तर पैसे दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येतात. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

आपल्याच मंडळीतला दुबईचा भाऊ मात्र वेगळा. त्याचं नागरिकत्व भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्गे देत असेल, तर ते परकीय अंशदान नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मामांचे पैसे मात्र परदेशीच, मामा कितीही आपले असले तरी.

खरं सांगायचं तर या आकाराच्या संघाला परदेशी पैशाची गरजच नसते. वीस पोरं, महिना पन्नास रुपये, वर्षाचे बारा हजार. त्यात बैठका, एक आरोग्य शिबिर आणि नाताळचं नाटक बसतं. स्वतःच्या पन्नास रुपयांचा हिशेब माणूस विचारतो, परक्याच्या पन्नास हजारांचा विचारत नाही.

वर्गणी जीपेवर घेतली तर?

खजिनदाराच्या वैयक्तिक क्यूआरवर नको. सहा महिन्यांनी त्याच्या मोबाइलच्या हप्त्यात आणि संघाच्या वर्गणीत फरक करणं त्यालाही जमत नाही. पोरगा प्रामाणिक असतो, हिशेब अप्रामाणिक दिसतो. खातं नसेल तोवर पावतीपुस्तक आणि मंडळीचा गल्ला.

अठराच्या आतली मुलं घ्यायची का?

घ्या, पण कार्यकारिणीत नाही, आणि काही नियम न वाकवता. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही, 'वैयक्तिक प्रार्थने'साठीही नाही. शिबिराला पालकांची लेखी संमती. मुलींसोबत महिला कार्यकर्ती. रात्रीचे मेसेज फक्त गटावर.

लैंगिक त्रासाची गोष्ट कानावर आली तर ती 'मंडळीतच मिटवायची' नसते. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. 'मंडळीची बदनामी होईल' असं म्हणणारा कोणीतरी वडीलधारा निघतोच. त्याला नम्रपणे बाजूला करा आणि पोलीस स्टेशनला जा.

शिबिर कुठे घ्यावं?

पाचगणी-महाबळेश्वर सगळ्यांच्या मनात असतं. मे महिन्यात दर परवडत नाहीत आणि जून ते सप्टेंबर तिथल्या पावसात चादरीही वाळत नाहीत. दिवाळीची सुट्टी बरी, पण खूप आधी सांगून ठेवा. पहिलं शिबिर मात्र गावातल्याच शाळेत, एका दिवसाचं घ्या. घरचा डबा आणायला सांगा.

बायबल अभ्यास सोडून करायचं काय? पोरं कंटाळतात.

व्हॉलीबॉल. हा खेळ १८९५ मध्ये अमेरिकेतल्या वायएमसीएतच विल्यम मॉर्गन यांनी शोधला, आणि बास्केटबॉलही १८९१ मध्ये वायएमसीएच्याच प्रशिक्षण शाळेत जन्मला. तेव्हा खेळाला 'जगिक', म्हणजे ऐहिक, म्हणणाऱ्यांना एवढं सांगून टाका.

दुसरं, अभ्यासिका. पोलीस भरती, एमपीएससी, नर्सिंगच्या परीक्षा. आपल्या भागातल्या प्रत्येक घरात यातलं काहीतरी चालू असतं आणि घरात बसायला टेबल नसतं. मंडळीचं सभागृह सोमवार ते शनिवार रिकामं असतं. दहा टेबलं, चांगले दिवे आणि चावी सांभाळणारा एक जण, एवढं पुरतं. आमच्या अभ्यासिकेत निम्म्याहून जास्त पोरं ख्रिस्ती नव्हती. वस्तीत संघाची ओळख झाली ती या दिव्यांमुळे.

तिसरं काम सांगून येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि सांगलीतली माणसं मिळेल तिथे आसऱ्याला गेली. आमच्या पोरांनी सभागृह उघडलं, दोन वेळा खिचडी रांधली, सतरा दिवस. बैठकांना कधी न येणारे दोघे पातेली घासायला रोज होते. पूर ओसरल्यावर ते पुन्हा बैठकांना आले नाहीत. चालायचंच.

धर्मांतराचा आरोप होईल अशी भीती वाटते.

भीती खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एका टक्क्याच्याही आत आहेत. आपली संख्या कमी, त्यामुळे नजरा जास्त. संविधानाच्या कलम २५ ने धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हेही स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. दोन्ही गोष्टी पोरांना नीट समजावा.

मदत आणि प्रार्थना एका ताटात वाढू नका. खिचडीच्या रांगेत पत्रकं नकोत. अल्पवयीन मुलगा धार्मिक कार्यक्रमाला येणार असेल तर पालकांना ठाऊक हवं. कोणी चौकशीला आलंच तर वाद घालू नका, चहा द्या, हजेरीची वही आणि हिशेब दाखवा. तुमच्या भागातल्या पोलीस पाटलांना, नगरसेवकांना वर्षातून एकदा नाटकाला बोलवा. दार बंद असलं की लोक आत काय चाललंय याच्या कथा रचतात.

नाताळच्या रात्री कॅरोल गात फिरायला परवानगी लागते?

ढोलकी, टाळ घेऊन पायी फिरायला कोणी अडवत नाही, तरी पोलीस स्टेशनला पत्र देऊन ठेवा. झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) मिरवणुकीसाठी तर द्याच. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातले १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या वर्षीच्या जिल्ह्याच्या यादीत नाताळ आहे का ते बघून घ्या.

शिकून पोरं पुण्याला जातात. मग संघ कसा टिकणार?

जाणारच. मिरज जंक्शनवर उभं राहून तुम्ही कुणाला अडवणार? प्रत्येक पदाला एक जोडीदार नेमा, वयाने तीन-चार वर्षं लहान. खजिनदाराबरोबर त्याने प्रत्येक वेळी बँकेत जायचं, चिटणिसाबरोबर प्रोसिडिंग लिहायचं. मोठा गेला की लहान बसतो. नर्सिंग आणि मेडिकलला बाहेरून मिरजेत आलेल्या मुलामुलींना विसरू नका. ती तीन-चार वर्षंच असतात, पण घरापासून लांब असल्यामुळे सगळ्यात नियमित येतात.

पहिल्या बैठकीला किती चहा सांगू?

दहा कप. बोलावणं तीस जणांना जाईल, त्यातले बावीस 'नक्की' म्हणतील, येतील सात. उरलेले तीन पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि सतरंज्या घालायला आलेल्या काकांचे.